वाचक विचारतात : जिम हॉल यांची गिटार

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, 'जॅझ गिटार ऐकायची आहे, सुरुवात कुठून करू?' मी एका ओळीत लिहिलं होतं, 'जिम हॉल ऐका. अमेरिकेचे गिटारवादक, रचनाकार, शिक्षक. बाकीचे नंतर.' त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी त्यांनाच देऊन टाकलंय. काही पत्रांत नाराजी आहे. ती आधी घेतो.

कोल्हापूरहून एक वडील लिहितात : 'माझा मुलगा चार वर्षं गिटार शिकतोय. तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही दोघांनी बसून जिम हॉल ऐकले. खरं सांगू का सर, हाताला काही लागलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तर काही वाजवतच नाहीयेत." त्याचा हात यांच्यापेक्षा जलद चालतो. मग या माणसाला एवढं मोठं का म्हणायचं?'

तुमच्या मुलाचे कान चांगले आहेत. त्याला जे जाणवलं ते खरंच आहे, हे गृहस्थ कमी वाजवतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं, आणि मला तर त्याचा रागच आला होता. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवायचो, रात्री दोन-दोन सुपाऱ्या करायचो. माझे सर माहीमला राहायचे, मूळचे गोव्याचे. त्यांनी एक कॅसेट लावली. कव्हरवर पाण्याखाली तरंगणारी, पांढऱ्या झग्यातली एक बाई होती. रेकॉर्डचं नाव 'अंडरकरंट', साल १९६२. पियानोवर बिल एव्हान्स, गिटारवर जिम हॉल, तिसरं कुणीच नाही. सर म्हणाले, "गिटार कुठे कुठे गप्प बसते ते मोज." मी मोजायला बसलो आणि पहिलंच गाणं संपायच्या आत हिशेब चुकला.

ते पहिलं गाणं म्हणजे 'माय फनी व्हॅलेंटाइन'. एरवी ते संथ, हळवं म्हणून गातात. या दोघांनी ते चांगलंच चढ्या लयीत घेतलंय. आता यातली अडचण बघा. पियानोही कॉर्ड (म्हणजे एकाच वेळी वाजणारे दोन-तीन किंवा जास्त स्वर) वाजवतो, गिटारही कॉर्ड वाजवते, आणि दोघांचा आवाज सप्तकाच्या साधारण त्याच भागात घुटमळतो. एका गायिकेच्या मागे दोन पेट्या बसवल्या तर काय होईल? दोघे एकमेकांच्या पायात पाय घालणारच. गाण्याच्या मध्यावर एव्हान्सची पाळी येते. त्या वेळी हॉल काय करतात ते ऐका. नवीन काही सुचवायच्या भानगडीतच पडत नाहीत. चार मात्रांचे चार सरळ ठोके, छक छक छक छक, प्रत्येक मात्रेला एक छोटी कॉर्ड, आणि त्यात विजेपेक्षा तारेचा आवाज जास्त. त्या एका क्षणी गिटार कॉर्डचं वाद्य राहत नाही. तीच बास होते, तीच ड्रम होते. खाली जमीन मिळाल्यावर एव्हान्सचा उजवा हात जो मोकळा सुटतो तो ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ही चार ठोक्यांची चाल हॉल यांची स्वतःची नव्हे. पियानोवादक काउंट बेसींच्या बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७पासून १९८७मध्ये वारले तोवर हेच करत होते, पन्नास वर्षं. पण सोळा-सतरा जणांच्या बँडमधली ती गोष्ट उचलून दोघांच्या मैफलीत आणणं, तेही नेमक्या त्या जागी, हे हॉल यांचं डोकं.

जलद वाजवता येत नव्हतं म्हणून थांबत असतील, असं मुलाला वाटलं तर त्याला एवढं सांगा. जन्म ४ डिसेंबर १९३०चा, बफेलोचा; वाढले क्लीव्हलंडला. दहाव्या वर्षी आईने गिटार आणून दिली. तेराव्या वर्षी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या रेकॉर्डवर चार्ली ख्रिश्चनचा गिटारचा तुकडा ऐकला, गाणं 'ग्रँड स्लॅम', आणि पुढची सत्तर वर्षं कुठे जायची ते तिथेच ठरलं. पोरसवदा वयातच ते गावातल्या बँडमधून वाजवत होते. १९५५मध्ये क्लीव्हलंड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमधून संगीतशास्त्राची पदवी घेतली, लॉस एंजेलिसला गेले आणि त्याच वर्षी ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या गाजलेल्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, त्यांची वर्णी लागली. हात होता, शास्त्र होतं, उमेदीचं वय होतं. तरीही ते थांबत होते.

एक करा. ते एकच गाणं तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त पियानो ऐका, दुसऱ्यांदा फक्त गिटार. तिसऱ्यांदा काहीच ठरवू नका. मग मला पुन्हा लिहा, नाराजी राहिली असेल तर तीही लिहा.

मिरजेचे एक तबलावादक विचारतात : 'आम्ही साथीची माणसं. गवयाच्या नावाने मैफल होते, आमचं नाव खाली बारीक अक्षरात. जॅझमध्ये साथ करणाऱ्याला किती मान असतो? आणि ड्रम नसेल तर लय कोण धरतं?'

बुवा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मीही जन्मभर साथीचाच माणूस. म्हणून याचं उत्तर जरा सैल हाताने देतो.

आधी लयीचं. जिमी जुफ्री नावाचे सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवादक होते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी एक त्रिकूट काढलं. स्वतः, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्यावर बॉब ब्रुकमायर आणि गिटारवर जिम हॉल. बास नाही, ड्रम नाही. अमेरिकेतल्या १९५८च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावर 'जॅझ ऑन अ समर्स डे' नावाचा चित्रपट निघाला, त्याची सुरुवातच या तिघांनी होते. पाण्यावर हलणारी प्रतिबिंबं आणि त्यांचं 'द ट्रेन अँड द रिव्हर'. तिथे लय कुणी एक जण धरत नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कळशी हातोहात द्यावी तशी. ज्याच्या हातात ती नसते त्यालाही ती आत मोजावीच लागते. तुमच्या भाषेत सांगायचं तर ठेका कुणीच देत नाही, पण सम कुणाची चुकत नाही. याच काळात हॉल यांचा डावा हात बदलला. दर स्वराला पिक (तार छेडायची नखी) मारायची नाही. एकदा तार छेडली की पुढचे दोन-तीन स्वर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे, म्हणजे आवाज क्लॅरिनेटच्या फुंकेसारखा सलग येतो. सतारीवर आपण याला कृंतन म्हणतो, त्याच्या जवळची गोष्ट.

आता मानाचं. नुसती नावं वाचा. १९६०च्या फेब्रुवारीत बर्लिनला गायिका एला फिट्झजेराल्ड 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरल्या आणि उभ्या उभ्या नवे शब्द रचून गात सुटल्या. ती मैफल रेकॉर्ड झाली आणि अजरामर झाली. मागे गिटार घेऊन कोण उभं होतं? जिम हॉल. सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांनी पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीबाहेर स्वतःच्या नावाने आरसीए कंपनीसाठी ज्या रेकॉर्डी केल्या त्यांतल्या बहुतेकांत पियानो नाही, जिम हॉल आहेत. ट्रम्पेटवादक आर्ट फार्मरच्या चौकडीत जिम हॉल. आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स.

रॉलिन्स यांची हकिकत तुम्हाला आवडेल. नाव शिखरावर असताना, १९५९मध्ये, त्यांनी मैफली बंद केल्या. आपलं वाजवणं आपल्याच कानाला पुरत नाही म्हणून. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास एकट्याने रियाज करायचे, थंडी-वाऱ्यात. १९६१मध्ये परतले आणि १९६२मध्ये रेकॉर्ड आली, नावच 'द ब्रिज'. सगळं जॅझजगत कान टवकारून बसलेलं. अशा वेळी रॉलिन्स यांनी पियानोवादक घेतला नाही, जिम हॉल घेतले. त्यांच्याबरोबर बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रमवर बेन रायली. दहा बोटांचा पियानो कॉर्डची भिंत उभी करतो. हॉल दोन किंवा तीन स्वरांची कॉर्ड द्यायचे आणि बाजूला व्हायचे. त्या रेकॉर्डवरचं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' ऐका. सॅक्सोफोन वाक्य संपवतो, श्वास घेतो, आणि तेवढ्या श्वासात गिटार दोन शब्द बोलून घेते. चांगला संवादिनीवाला गायिकेची शेवटची जागा उचलून परत देतो ना, अगदी तसं. (हेच रॉलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या पवईला, चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिले होते. आणि १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवून गेले.)

तुमची बारीक अक्षरांची खंत मी समजू शकतो. हॉल यांनी एकट्या स्वतःच्या नावाने पहिली रेकॉर्ड केली १९५७मध्ये. दुसरी आली १९६९मध्ये. मध्ये बारा वर्षं. पण त्या बारा वर्षांत दुसऱ्यांच्या नावाने निघालेल्या ज्या रेकॉर्डी मी वर मोजल्या, त्या आज गिटार शिकणारी पोरं सॅक्सोफोनसाठी लावत नाहीत. गिटारसाठी लावतात. माझ्या वर्गातली पोरं तर 'द ब्रिज'ला सरळ 'जिम हॉलची रेकॉर्ड' म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करतो, पण मनातून मला ते ऐकायला बरं वाटतं.

डोंबिवलीहून एक भगिनी लिहितात : 'माझा धाकटा भाऊ उत्तम कीबोर्ड वाजवतो. कार्यक्रमांच्या निमित्ताने पिण्याची सवय लागली, आता ती फार वाढलीय. वाजवणं सोड म्हटलं तर म्हणतो, मग मी जगू कशाला? वाजवणारी माणसं यातून बाहेर येतात का? तुम्ही पाहिलंय का?'

ताई, येतात. जिम हॉल आले.

रॉलिन्स, डेझमंड, आर्ट फार्मर, सगळ्यांना हवा असलेला हा माणूस साठच्या दशकाच्या मध्यावर दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. जॅझ वाजतं कुठे, तर रात्रीच्या क्लबात. क्लबाचा धंदाच दारूवर चालतो. पोट तिथे, कला तिथे आणि रोगही तिथेच. त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं आहे. गिटार सोडली नाही. जागा बदलली. मर्व्ह ग्रिफिन यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या बँडमध्ये नोकरी धरली. ठरलेल्या वेळी जायचं, समोर कागद येईल ते वाजवायचं, पगार घ्यायचा, घरी यायचं. ज्याने 'द ब्रिज' वाजवली त्याने जाहिरातींच्या मधल्या धुना वाजवल्या, आणि काही वर्षं वाजवल्या. १९६५मध्ये त्यांचं जेन यांच्याशी लग्न झालं, त्या पुढे मनोविश्लेषक म्हणून काम करत होत्या. हे लग्न शेवटपर्यंत टिकलं. जेन यांनी केलेली एक रचना, 'द आन्सर इज यस', हॉल यांनी नंतर आपल्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर घेतली. १९६९पासून ते स्वतःच्या नावाने पुन्हा उभे राहिले, आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं वाजवत राहिले.

आता माझं. आमच्या ऑर्केस्ट्रात एक सॅक्सोफोनवादक होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्यासारखा गोड फुंकीचा माणूस मी पुन्हा ऐकला नाही. कार्यक्रम संपला की पाकिटाबरोबर बाटली द्यायची पद्धत होती, आणि आम्ही सगळे त्यांना आग्रह करायचो, कारण दोन पेग झाले की ते फार सुंदर गप्पा मारायचे. एका वर्षी नवरात्रात त्यांना स्टेजवर उभं राहवेना. संयोजकांनी त्यांना घरी पाठवलं आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरा माणूस बोलावला. आम्ही कुणीही त्यांच्या घरी गेलो नाही. पुढच्या वर्षी बातमीच आली. आम्ही त्यांना वाजवायला बोलावत राहिलो, पण दिवसा करता येईल असं एकही काम आमच्यापैकी कुणी त्यांच्यासाठी शोधलं नाही. ते मला आजही लागतं, ताई, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

भावाला 'वाजवणं सोड' म्हणू नका. आधी डॉक्टर. एकदम बंद केल्यावर अंगाला त्रास होतो, तो धोक्याचाही असू शकतो, म्हणून ते घरच्या घरी करू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम कितीतरी वर्षं करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठीतून चालणाऱ्या बैठका महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात. आणि त्याच्याबरोबरीने दिवसाचं काम शोधा. शाळेत शिकवणं, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, मुलांच्या नाट्यसंस्थेला वाजवून देणं. पैसे कमी मिळतील. पण पाळी दिवसाची असेल. कीबोर्डवाल्याला काम देऊ शकतील अशा दोन-तीन ठिकाणी मी शब्द टाकू शकतो. संपादकांकडे तुमचा फोन नंबर कळवून ठेवा, मी स्वतः फोन करीन.

नाशिकहून प्रश्न : 'जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, असं आम्ही समजतो. मग जिम हॉल "रचनाकार" कसे? रचायला उरतं काय?'

ख्यालात चीज असतेच की नाही? ती कुणीतरी बांधलेली असते. चांगली बांधली असेल तर गवयाला तीच वाट दाखवते. हॉल यांची 'केअरफुल' नावाची एक रचना आहे, ती घेऊ. सोळा मात्रापट्ट्यांची (म्हणजे सोळा 'बार', लयीचे सारखे खण), ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गाण्याच्या ढंगाची. ती ज्या स्वरांवर बांधलीय ते आपल्या पद्धतीने लिहितो, पेटीवर वाजवून बघा : सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी, सां. अर्धा, पूर्ण, अर्धा, पूर्ण अशी पावलं आलटून पालटून. एका सप्तकात सात नव्हे, आठ स्वर. दोन्ही गंधार आपल्या जोगातही आहेत. पण तिथे शुद्ध गंधार चढताना आणि कोमल उतरताना. इथे दोघे एकाच जिन्याच्या लागोपाठच्या पायऱ्यांवर उभे आहेत. वाजवलंत की लक्षात येईल, कान षड्जावर टेकतच नाही. कुठलीही पायरी घर वाटते आणि कुठलीच वाटत नाही. आता यावर उपज करायची म्हणजे नाव सार्थच आहे, जपून पावलं टाकावी लागतात. रचनाकाराने काय केलं? वाजवणाऱ्याच्या सवयीच्या सगळ्या तानांना कुलूप घातलं.

तंतुवाद्यांची चौकडी, पितळी वाद्यं यांच्यासाठी लिहिण्याचं त्यांचं शिक्षण क्लीव्हलंडलाच झालं होतं. पण ते भरपूर कामी यायला साठी उलटावी लागली. १९९७ची 'टेक्श्चर्स' आणि त्यानंतरच्या रेकॉर्डी बघा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर 'टेक्श्चर्स' मला सगळीच्या सगळी लागू पडत नाही. काही ठिकाणी कागद जास्त आणि गिटार कमी होते. मला त्यांची 'ऑल अक्रॉस द सिटी' पुरते. बिल एव्हान्सबरोबरच्या १९६६च्या 'इंटरमॉड्युलेशन'वर आहे. संध्याकाळी खिडकीत उभं राहून लांबवर एकेक दिवा लागताना बघावं, तशी ती उलगडते. शब्द एकही नाही, तरी ते गाणंच आहे.

आणि १९७५ची 'कॉन्सिएर्तो', जी वर 'सगळ्यात गाजलेली' म्हटली ती. स्पॅनिश रचनाकार रॉड्रिगो यांच्या आरानहुएझ कॉन्चेर्तोवर डॉन सेबेस्कींनी केलेली बांधणी, जवळपास एकोणीस मिनिटांची. ट्रम्पेटवर चेट बेकर, सॅक्सोफोनवर डेझमंड, बासवर रॉन कार्टर. रात्री जेवणं झाल्यावर दिवा मालवून ऐका. मध्ये फोन घेऊ नका.

पुण्याहून : 'त्यांच्यासारखा आवाज येण्यासाठी कुठली गिटार, कुठला ॲम्प घ्यावा? माझं बजेट बऱ्यापैकी आहे.'

त्यांच्याकडे गिब्सनची ईएस-१७५ होती, हॉवर्ड रॉबर्ट्स या गिटारवादकाकडून जुनी घेतलेली. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, तोही गिब्सनचाच, जीए-५०. पुढे जिमी डॅक्विस्टो या नामांकित कारागिराने त्यांच्यासाठी गिटार बनवली. पण बजेट राहू द्या. ॲम्पचा आवाज इतका कमी ठेवा की गिटारच्या पोटातून येणारा तारेचा मूळ आवाज आणि ॲम्पमधून येणारा आवाज दोन्ही सारखेच ऐकू येतील. बसताना ॲम्प फार लांब ठेवू नका. त्यांच्या आवाजाचं अर्धं मर्म तिथे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. उरलेलं अर्धं बोटांत आहे, तेही दुकानात मिळत नाही.

म्हापशाहून महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी विचारते : 'ते शिकवायचे म्हणून लिहिलंत. काय शिकवायचे? आमच्या इथे जॅझ गिटार शिकवणारं जवळपास कुणी नाही, मी व्हिडिओ बघून शिकते. रोज कॉर्ड पाठ करते, स्केल पाठ करते, पण सोलो घ्यायची वेळ आली की तेच तेच चार तुकडे हातातून निघतात.'

बाळ, तुझा प्रश्न आवडला, कारण तुझा रोग तू स्वतःच ओळखलायस.

शिकवायला त्यांनी लवकर सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्समध्ये लेनॉक्स इथे १९५०च्या दशकाच्या शेवटी जॅझची एक उन्हाळी शाळा भरायची, तिथे ते होते, तेव्हा पुरते तिशीचेही नव्हते. नंतर न्यूयॉर्कला न्यू स्कूल या विद्यापीठात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बिल फ्रिझेल नावाचा तरुण त्यांच्याकडे थोडेच धडे घ्यायला आला. आज फ्रिझेल ऐकलास तर वाटेल, हा कुठे जिम हॉलसारखा वाजवतो? नाहीच वाजवत. ती त्या गुरूची खूण. नंतरच्या पिढ्यांतले गिटारवादक बघ, पॅट मेथेनी वेगळा, फ्रिझेल वेगळा, ज्युलियन लाज आणखी वेगळा, आणि तिघेही हॉल यांचं नाव कानाला हात लावून घेतील अशा भावनेने घेतात. १९९९मध्ये मेथेनीबरोबर आणि २००८मध्ये फ्रिझेलबरोबर त्यांनी रेकॉर्डी केल्या. सत्त्याहत्तरीत शिष्याच्या बरोबरीने बसून, त्याने काढलेले विजेचे चित्रविचित्र आवाज कौतुकाने ऐकत, मध्येच दोन स्वर टाकणारे हॉल मला फार जवळचे वाटतात.

आणि हे शेवटपर्यंत चाललं. २०१३च्या ऑगस्टमध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात पंचविशीचा लाज त्यांच्या शेजारी बसून वाजवत होता. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला मैफल झाली, तिथे जॉन ॲबरक्रॉम्बी आणि पीटर बर्नस्टीन हे दोन गिटारवादक पाहुणे होते. ४ डिसेंबरला त्र्याऐंशी पूर्ण झाली. १० डिसेंबरला मॅनहॅटनच्या घरी झोपेतच गेले. मला माझ्या एका विद्यार्थ्याचा मेसेज आला तेव्हा मी वर्गावर होतो. दुसरं काही सुचेना, म्हणून पोरांना 'माय फनी व्हॅलेंटाइन' लावून दिलं.

आता तुझा रियाज. हा मी त्यांना ऐकून ऐकून बसवलाय, माझ्या वर्गात सगळ्यांना करावा लागतो. ओळखीचं एखादं गाणं घे, ज्याच्या कॉर्ड पाठ आहेत. तानपुऱ्यासारखा मागे कॉर्डचा ट्रॅक लाव. आणि सोलो फक्त एका तारेवर घे. तिसरी तार घे, तिचा आवाज मधला आणि गोल असतो. बाकी पाच तारांना हात लावायचा नाही. तुझे ते चार तुकडे सहा तारांवर बोटांनी पाठ केलेत, ते एका तारेवर बसणारच नाहीत. हात आडवा चालायचा थांबेल आणि तारेच्या लांबीने वर-खाली सरकायला लागेल. पहिले दोन दिवस काही सुचणार नाही. तिसऱ्या दिवशी तू मनात आधी गुणगुणशील आणि मग स्वर शोधत जाशील.

ते जमलं की दुसरी पायरी. सुरुवातीला दोन किंवा तीन स्वरांचा एकच छोटा तुकडा घे आणि पहिल्या आठ मात्रापट्ट्या दुसरं काही वाजवू नकोस. तोच तुकडा उशिरा सुरू कर. उलटा कर. एक स्वर गाळ. कॉर्ड बदलली की तोच तुकडा एका पडद्याने सरकव. आपले गवई एका गंधारावर दहा मिनिटं बढत करतात ती अशीच होते, आणि हॉल यांचा कुठलाही सोलो कागदावर उतरवलास तर पहिल्या चार पट्ट्यांचं बी शेवटपर्यंत दिसत राहतं. 'कॉन्सिएर्तो'वरच्या 'टूज ब्लूज'पासून उतरवायला लाग, तो हाताला लागण्यासारखा आहे.

रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस. मग फोनवर रेकॉर्ड करून संपादकांच्या पत्त्यावर पाठव. कुठल्या तारेवर वाजवलंस ते सांगू नकोस, मी ऐकून ओळखतो.